येते म्हणाली

अंडी अठ्ठावीस उकडायची की तीस, यावरून सकाळी साडेनऊला घरात वाद पेटला होता.

"बारा मुलं, एक त्यांची प्रमुख, एक बसचा ड्रायव्हर. चौदा माणसं, माणशी दोन. अठ्ठावीस," सासूबाई बोटांवर मोजून म्हणाल्या.

"आणि एखादं फुटलं म्हणजे?" पडद्यापलीकडून, लाँड्रीतून, आत्याबाईंचा आवाज आला. "तीस टाक गं सूनबाई. माझ्या बहिणीच्या नातीच्या ताटात फुटकं अंडं जायला नको."

सुनेनं तीस टाकली, आणि पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता तिचा हात थांबला. माझ्या बहिणीच्या. लग्न होऊन या घरात आल्याला चार वर्षं झाली, पण आत्याबाईंच्या तोंडून हे शब्द तिनं आज पहिल्यांदा ऐकले. एरवी असायची ती 'तिकडची'. बोलणं फारच लांबलं तर 'दादाची बहीण', म्हणजे सुनेच्या सासऱ्यांची, जणू दादाची बहीण ती यांची कुणीच नव्हे.

सासूबाईंनीही ऐकलं होतं. त्यांनी भुवई उंचावून सुनेकडे पाहिलं आणि बटाटे सोलायला घेतले. दूध-मांस एकत्र न खाण्याचा ज्यू नियम कोण किती पाळतं ठाऊक नाही, तो प्रश्नच नको, म्हणून आत्याबाईंनीच हा कुणालाही चालेल असा बेत ठरवला होता. अंडी, बटाटे, काकडी, पाव, फळं. भांडीसुद्धा कोरी आणली होती.

सुनेच्या कडेवर आठ महिन्यांची मुलगी होती. लाँड्रीतल्या घरात जन्मली, दुपट्यात घट्ट बांधून ठेवली की हुबेहूब कपड्यांचं गाठोडं दिसायची, म्हणून तिचं नाव गाठोडंच पडलं होतं. तिला सावरत सुनेनं पडदा सारला.

गिऱ्हाइकांचे कपडे एका कोपऱ्यात ढकलले होते, आणि इस्त्रीच्या लांब टेबलावर एकच कापड पसरलं होतं. पांढरा टेबलक्लॉथ. ट्रंकेच्या तळातून निघालेला, अठ्ठावन्न वर्षांत न वापरलेला. काल आत्याबाईंनी तो स्वतः धुतला, खळ दिली, आज पाणी शिंपडून, गुंडाळी करून मुरवला, आणि आता मधून कडेकडे अशी इस्त्री चालली होती. पंच्याहत्तरीतला तो हात अजून रेघ चुकत नव्हता. कोपऱ्यात मात्र एक निळा-काळा डाग होता, तळहाताएवढा. गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर खूण घालायची शाई. ती जन्मात निघत नाही, आणि तशीच ती बनवलेली असते.

"डाग कुणाच्या बाजूला येईल?" सुनेनं विचारलं.

"माझ्या. त्यावर मी पाण्याचा जग ठेवीन." आत्याबाईंनी इस्त्री उभी केली. "तिला म्हणावं, हा डाग तुझ्या आजीची करणी आहे. नाही, नको. आल्या आल्या नको. जेवल्यावर सांगू."

अख्ख्या गावात त्यांना धाकटीबाई म्हणत. थोरली होती तेव्हा धाकटी म्हणण्यात अर्थ होता. थोरली समुद्रापार गेली, आईवडील गेले, दादाही गेल्या साली गेला, आता घरात त्याच सगळ्यांत वडील, तरी नाव धाकटीच. नव्या गिऱ्हाइकांना ते आडनाव वाटायचं. आणि धाकटीबाईंच्या लाँड्रीचा एक कायदा होता. कपडे घेऊन निघताना कुणी चुकून 'जातो' म्हणालं की त्या गाठोड्यावरचा हात काढत नसत. "येतो म्हण," त्या सांगायच्या. माणूस येतो म्हणाला की हात सुटायचा. लोक म्हणत, बाई धंद्याला पक्की आहे. गिऱ्हाईक परत यायचा शब्द घेऊनच सोडते.

सुनेलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

*

नवरा दहा वाजता परत आला. गावातल्या हॉटेलात धुतलेले टेबलक्लॉथ टाकायला गेला होता तो. पुढच्या दारानं न येता मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरला, तेव्हाच काहीतरी बिनसल्याचं सुनेनं ओळखलं.

"हळू बोल," तो म्हणाला. वास्तविक कुणीच काही बोललं नव्हतं. "हॉटेलात आज एक वाजता चौदा पानं आहेत. मॅनेजर म्हणाला, परदेशी पाहुणे आहेत, सुरकुती चालायची नाही. म्हटलं, कोण पाहुणे? तर बारा मुलं, एक बाई आणि ड्रायव्हर."

"म्हणजे?"

"म्हणजे आपलेच. मी कागद बघितला. सकाळी कब्रस्तान, मग प्रार्थनागृह, एक वाजता हॉटेलात जेवण, तीनला बस. आपल्या गल्लीचं त्यात नाव नाही."

"अहो, पण ती येते म्हणाली!"

"नीट ऐकलंस का?"

"येते यात नीट ऐकण्यासारखं काय असतं?"

परवा फोन सुनेनंच घेतला होता. लाइनीत खरखर, पोरीचं बोलणं अर्धं इंग्रजी, अर्धं आपल्या भाषेतलं. माझी आजी, थोरली, मी नात. मग बस, वेळ, प्रोग्रॅम, सॉरी, पुन्हा सॉरी. सुनेचं शाळेतलं इंग्रजी मागं पळत सुटलं होतं, आणि शेवटी मात्र लख्ख ऐकू आलं, "येते हं, येते!" तेवढंच तिनं उचललं आणि धावत जाऊन आत्याबाईंच्या पदरात टाकलं.

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "अगं बाई," त्या पुटपुटल्या. "थोरल्या वन्संची सवय ती. फोन ठेवताना दर वेळी. 'बरं वहिनी, येते.' इतकी वर्षं ऐकतेय. मी चेष्टेनं म्हणायची, या की, कधी येता? तर हसायच्या. पोरगी तेच ऐकत वाढली असणार. तिला वाटलं, निरोप घ्यायचा शब्दच तो."

पातेल्यात अंडी एकमेकांवर टकटक आपटत होती.

"आत्याला तू सांग," नवरा म्हणाला.

"मी का?"

"फोन तू घेतलास."

"वा! आणि आत्या कुणाची?"

"कुणीही सांगा, पण ऐकून घ्या," सासूबाई आवाज आणखी उतरवून म्हणाल्या. "ह्यांनी मला सांगितलेलं सांगते. दोघी बहिणींनी मिळून जायचं ठरलं होतं. आपल्या पूर्वजांचा देश, आपली माणसं तिकडं, म्हणून त्या वेळी घरंच्या घरं निघाली होती. दोघींचे कागद तयार. आणि ऐन वेळी मामंजी अंथरुणाला खिळले. मग धाकट्या वन्सं मागं राहिल्या. सतरा वर्षांचं वय, अंगावर अख्खी लाँड्री. सगळे समजूत घालत होते, थोरली वर्षभरात न्यायला येईल हो तुला. आणि निघताना दारात थोरल्या वन्सं त्यांना काय म्हणाल्या? 'जाते.' नुसतं जाते. येते नाही. त्या दिवसापासून या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पत्र आलं की हे वाचायचे, या इस्त्री करत राहायच्या. फोन आला की यांना काम निघायचं."

सुनेच्या डोळ्यांपुढं गाठोड्यावरचा तो न सुटणारा हात आला. म्हणजे धंदा नव्हता तो.

"एवढ्या एका शब्दासाठी?" नवरा म्हणाला.

"तुला नाही कळायचं ते. आणि मी तर नेहमी थोरलीची बाजू घेत आले. पण काल रात्री त्या टेबलक्लॉथला खळ देताना मी बघितलं त्यांच्याकडं. परवापासून त्या बाईचं वय सतरा झालंय. आता पुन्हा त्यांना 'ती येत नाही' कोण सांगणार?"

सुनेनं गाठोड्याला झोळीत बसवून छातीशी बांधलं.

"कुणी सांगायचं नाही," ती म्हणाली. "मीच घेऊन येते तिला."

लाँड्रीतून जाताना आत्याबाईंनी हटकलंच. "ऐन कामात कुठं निघालीस?"

"प्रार्थनागृहापर्यंत. गल्लीचं नाव बदललंय ना, पाहुण्यांना सापडायची नाही." हे खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं. "जाऊन येते."

"ये," आत्याबाई म्हणाल्या. दाराच्या चौकटीवर तिरकी बसवलेली, आत प्रार्थनेचा कागद असलेली लहानशी डबी त्यांनी सकाळी घासून चकचकीत केली होती. सुनेनं तिला बोटं लावली, ओठांना लावली, आणि जवळजवळ पळत सुटली.

*

प्रार्थनागृहाच्या बाकांवर एवढी माणसं बसलेली तिनं आपल्या लग्नानंतर पाहिली नव्हती. गावात ज्यू घरं उरली चार, प्रार्थनेला लागणारी दहा माणसं जमवायची म्हणजे राखणदाराला दारोदार फिरावं लागे. आज तो म्हातारा बारा तरुण पोरांसमोर उभा राहून भिंतीवरच्या नावांच्या पाट्या दाखवत होता आणि त्याचा आवाज लग्नातल्यासारखा चढला होता. पोरं फोटो काढत होती, एक मुलगा बाकाच्या लाकडावरून नुसताच हात फिरवत बसला होता. त्यांच्या संस्थेची ही पहिलीच सहल, असं काल वर्तमानपत्रात आलं होतं. पणजोबा-पणजींच्या देशाची. नवऱ्यानं ते वाचून विचारलं होतं, "थोरली आत्या पूर्वजांच्या देशी म्हणून तिकडं गेली, तिची नात पूर्वजांच्या देशी म्हणून इकडं आली. मग पूर्वज नक्की राहतात तरी कुठं?"

पण यांतली नात कोणती? सहा मुली होत्या. सुनेनं एकेकीचं नाक निरखलं. काही पत्ता लागेना. तेवढ्यात उकडलं म्हणून एकीनं अंगातलं जाकीट काढलं आणि मांडीवर घडी घातली. आधी बाह्या आत, मग तीन पदर, मग अर्धी, आणि टोक वळवून खाली दडवलं. बघायचीही गरज नव्हती तिला, हातच घालत होते.

गावात अशी घडी एकाच ठिकाणी घालतात. सुनेला ती शिकायला सहा महिने लागले होते.

ती जाऊन मुलीच्या शेजारी बसली. "थोरलीची नात ना तू?"

मुलीनं दचकून पाहिलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की गाठोडंही हसलं.

"ये गं!" मुलगी म्हणाली. "बस! हात धुतलेस? आई गं, किती घाम! पाणी पी!"

सुनेला हसू आवरेना. पोरीला आपली भाषा येत होती, पण ती सगळी चार वर्षांच्या मुलीला सांगायची भाषा होती. हात धू, नीट बस, तोंड पूस, आता झोप. आजीनं दिली तेवढीच. बाकीची वाट दोघींना इंग्रजीनं, हातवाऱ्यांनी काढावी लागली.

"तू फोनवर येते म्हणालीस," सून म्हणाली.

"हो. येते." मुलीनं निरोपाचा हात हलवला. "असं. बाय."

"नाही गं राणी." सुनेनं तिचा तो हलणारा हात धरला आणि आपल्याकडं ओढला. "येते म्हणजे असं. येते म्हणजे येणार. घरी. आमच्याकडं. तुझ्या आजीची धाकटी बहीण सकाळपासून वाट बघतेय. तीस अंडी उकडलीत."

मुलीचा हात तोंडावर गेला. "मी सगळ्यांना म्हणते," ती म्हणाली. "कॉलेजात. दुकानात. आम्ही सगळे म्हणतो." आणि तिनं मागं वळून बाकीच्यांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. 'येते' हा शब्द बाकाबाकांवरून फिरत गेला. एक उंच मुलगा कपाळावर हात मारून हसत सुटला.

पण सहलीची प्रमुख हसली नाही. छातीशी फाइल धरलेली, चष्म्याची बाई होती ती. नम्रपणे म्हणाली की फार वाईट वाटतं, पण हॉटेलातलं जेवण ठरलं आहे, आणि घरभेट कार्यक्रमात नाही.

"कार्यक्रमात काय आहे?" सुनेनं विचारलं.

प्रमुख बाईंनी फाइल उघडून वाचून दाखवलं. तीन वाजेपर्यंत, पूर्वजांच्या वारशाचा अनुभव.

सुनेचं इंग्रजी आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर कामाला आलं. "मग चला ना," ती म्हणाली. "वारसा घरी बसून अंडी सोलतोय."

बाईंनी फाइलीकडं पाहिलं, झोळीतल्या गाठोड्याकडं पाहिलं. बारा पोरं केव्हाच उठून उभी होती. बाईंनी फाइल मिटली.

*

आत्याबाई लाँड्रीच्या मधोमध उभ्या होत्या. चांगली साडी, केस विंचरलेले, आणि हातात थंड इस्त्री. ती खाली ठेवायचं त्यांना सुचलं नव्हतं. मागं टेबलावर टेबलक्लॉथ, त्यावर चौदा ताटं, डागावर पाण्याचा जग.

मुलगी उंबऱ्यातच थांबली. चौकटीवरच्या डबीकडं तिनं पाहिलं, स्वतः बोटं लावली, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, सुनेच्या झोळीतून गाठोड्याला अलगद उचललं, दोन्ही हातांनी उंच धरलं आणि म्हणाली, "हात लाव. लाव गं. पोचतो की! मोठी झालीस!"

इस्त्री टेबलावर आदळली.

"अस्संच," आत्याबाई म्हणाल्या. "अस्संच धरायची ती मला. माझा हात पोचायचा नाही. मोठी झालीस म्हणायची रोज, आणि रोज उचलायची."

मुलगी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "धाकटे," ती म्हणाली. "ये गं."

गाव धाकटीबाई म्हणायचं, घर आत्याबाई. 'धाकटे' म्हणून हाक मारणारं माणूस या देशात उरलं नव्हतं. आत्याबाईंनी पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. रडल्या मात्र नाहीत. तिच्या कॉलरीची शिवण उलगडून पाहिली, आणि म्हणाल्या, "कोण धुतं हे? पिळून वाळत घालतात वाटतं. सत्यानाश केलाय कापडाचा."

मग काय, जेवणं झाली. पोरं दाटीवाटीनं, कोणी खुर्चीवर, कोणी कपड्यांच्या गाठोड्यांवर. सासूबाई वाढत होत्या, नवरा हॉटेलच्या मॅनेजरला फोनवर समजावत होता, "अहो, पण तुमचा फायदा बघा ना, टेबलक्लॉथ न मळता परत मिळाले!" मुलीनं त्याला जवळ बोलावलं. "ये गं. गप बस. जेव." तो आज्ञाधारक मुलीसारखा बसला आणि जेवला, आणि सासूबाईंनी हसून हसून पदर डोळ्यांना लावला.

जेवण उरकत आलं तेव्हा मुलीनंच विषय काढला. ती सुनेकडं बघत, शब्द शोधत, हातवारे करत सांगू लागली. फोनवरची चूक. बाय म्हणजे येते. येते म्हणजे बाय. सुनेनं तिला डोळ्यांनी दटावलं, पण पोरगी निरागस, ती सांगतच सुटली.

सुनेला वाटलं, संपलं. सकाळपासून झाकून ठेवलं ते सगळं उघडं पडलं.

"म्हणजे तू येणार नव्हतीस," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी सुनेकडं पाहिलं. "म्हणून तू पळत गेलीस. मला कळलंच होतं, तुझ्या नवऱ्यानं मागचं दार धरलं तेव्हाच." आणि पुन्हा मुलीकडं वळल्या. "पण हे तुला कुणी शिकवलं? येते म्हणायला?"

"आजी. फोन ठेवते, येते. दुकान, येते. डॉक्टर, येते. शेजारीण, येते."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

आत्याबाईंनी पाण्याचा जग उचलून जरा बाजूला सरकवला. डाग दिसायला लागला. त्यांनी तो बोटानं खरवडला, जणू निघणार होता.

"मला नाही म्हणाली," त्या म्हणाल्या. "सगळ्या जगाला म्हणते. मला तेवढं नाही म्हणाली."

हे पोरीला कुणी समजावून सांगितलं नाही, पण तिला काहीतरी कळलं असावं. तिनं खिशातून मोबाइल काढला, दोनदा बोट फिरवलं आणि तो टेबलावर ठेवला. घंटा वाजायला लागली.

"नको. मला काम आहे," आत्याबाई उठायला लागल्या.

"अठ्ठावन्न वर्षं तेच काम चाललंय, वन्सं," सासूबाई म्हणाल्या. "किती राहिलंय ते तरी बघू द्या आम्हाला." आणि त्यांनी नणंदेच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. या दोघींना एकमेकींना हात लावताना सुनेनं कधी पाहिलं नव्हतं.

घंटा थांबली. पलीकडून एक खरखरीत आवाज आला. नातीला काहीतरी विचारणारा, तिकडच्या भाषेत.

आवाजानं पुन्हा विचारलं.

"मी आहे," आत्याबाई म्हणाल्या.

बाहेरच्या नळाचं थेंब थेंब पडणं ऐकू येत होतं.

"धाकटे?"

"हं."

"जेवलीस?"

"हे काय, आत्ताच जेवतोय." आत्याबाईंनी टेबलक्लॉथवरून हात फिरवला. "तुझा टेबलक्लॉथ काढलाय. आणि तो डाग आहे अजून. तू पाडलेला."

"मी?" पलीकडचा आवाज एकदम तरुण झाला. "शाईची बाटली तू उपडी केलीस!"

"मी बाटलीला हातही लावला नव्हता."

"हात नाही, कोपर लागलं तुझं! बाबांना मी माझं नाव सांगितलं, म्हणून तुला आता तेच खरं वाटतंय."

आत्याबाईंचं तोंड उघडं राहिलं. पोरांना एक अक्षर कळत नव्हतं, पण एकानंही पाव चावला नाही.

"बरं, ते राहू दे," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी फोन दोन्ही हातांत उचलून तोंडाजवळ धरला. "तू मला जाते का म्हणालीस?"

"कधी?"

"कधी काय! त्या दिवशी. दारात."

लाइन तुटली की काय म्हणून सून पुढं वाकली.

"आईला येते म्हणाले," थोरली म्हणाली. "बाबांना तर दोनदा म्हणाले. दादाला, शेजारणीला, समोरच्या वाण्याला, येते, येते, येते. सगळ्यांना खोटं सांगत सुटले होते मी. मला माहीत होतं, आता येणं नाही. आणि तुझ्यासमोर आले तर खोटं तोंडातून निघेना. तुझ्याशी कधी बोललेच नव्हते ना खोटं. काय करू मग?"

आत्याबाईंनी फोन आणखी जवळ ओढला.

"तू रागावलीस ते कळलं मला, दादानं लिहिलं होतं. पण म्हटलं, येते म्हणाले असते तर ती दाराशी वाट बघत बसली असती जन्मभर."

"मी तशीही बसलेच," आत्याबाई म्हणाल्या. "निदान खोटं तरी बोलायचंस गं."

आणि मग त्या रडल्या. टेबलक्लॉथच्या टोकानंच डोळे पुसले. एवढी खळ दिलेल्या, एवढी इस्त्री केलेल्या टोकानं. पलीकडूनही नाक ओढल्याचा आवाज आला.

"खळ कशी झालीय?" थोरलीनं विचारलं.

"जास्त झाली. टोचतेय."

"तुझी नेहमीच जास्त व्हायची."

*

तीनला बसनं हॉर्न दिला. प्रमुख बाई दारात उभ्या राहून घड्याळाकडं बघत होत्या, पण ओरडत नव्हत्या. पोरं एकेक करून बाहेर पडली, जाताना डबीला बोटं लावून. सगळ्यांनी सासूबाईंना वाकून, हात हलवून निरोप दिला. "येते! येते!" त्यांत मुलगेही.

"बाप्यांनी येतो म्हणायचं असतं रे!" नवरा मागून ओरडला, पण त्याचं कोण ऐकतंय.

आत आत्याबाईंचं बोलणं चालूच होतं. लांबचं बोलणं म्हणून त्या चांगल्या मोठ्यानं बोलत होत्या. दादाचं शेवटचं दुखणं, तुझे गुडघे, माझे गुडघे, वहिनी बरी आहे गं स्वभावानं, जिभेला जरा तिखट. पुन्हा हॉर्न वाजला.

"ठेवू मग?" थोरली विचारत होती.

"ठेव."

"तू ठेव."

"मी का? फोन तू उचललास."

"अगं पण केला तिकडून ना?"

कुणीच ठेवत नव्हतं. मुलगी आत्याबाईंच्या पाठीमागं उभी होती, जाकीट हातात, घडी घातलेलं. तिनं त्यांच्या केसांवर ओठ टेकले आणि बाहेर आली. बसच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा कुठं सुनेच्या लक्षात आलं.

"अगं, फोन! तुझा फोन राहिला!"

मुलगी थांबली. प्रमुख बाईंनी फाइल उघडून उद्याचं पान काढलं. मुक्काम शेजारच्याच गावी, सकाळी दहापर्यंत, लिहिलं होतं, मोकळा वेळ. त्यांनी ते मुलीला दाखवलं.

"राहू दे," मुलगी म्हणाली. या वेळी तिनं निरोपाचा हात हलवला नाही. सुनेनं सकाळी शिकवला होता तसा तळवा स्वतःकडं ओढून दाखवला, आणि सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं करून म्हणाली, "उद्या. येते."

बस गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. सून आत आली तेव्हा आत्याबाईंनी फोनवर हात झाकून विचारलं, "गेली?"

"येते म्हणाली."

"म्हणजे? बाय म्हणाली की..."

"नाही आत्याबाई. फोन ठेवून गेलीय. उद्या सकाळी न्यायला यायचंय तिला."

आत्याबाईंनी हातातल्या फोनकडं पाहिलं, जणू पहिल्यांदाच बघत होत्या तो कुणाचा आहे ते. मग झाकलेला हात काढला.

"ऐकलंस का गं थोरले? तुझी नात येते म्हणाली," त्या म्हणाल्या. "हो. हो, तेच सांगतेय. खरोखरची."